दसऱ्याची सुट्टी, सहामाहीचे (एसए-१) पेपर आणि तुझं जपान

टिळकवाडी, बेळगाव

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू एका दमात दोन गोष्टी सांगितल्यास. तुझ्या वर्गातली, चौथीची निम्मी मुलं अजून नीट वाचत नाहीत, आणि म्हणून दसऱ्याच्या सुट्टीतलं जपान रद्द करावं म्हणतेस. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, बाळा. सुट्टीत मुलं आपापल्या घरी असणार. तू इथं बसून राहिलीस म्हणून त्यांचं वाचन सुधारायचं नाही, आणि जपानला गेलीस म्हणून बिघडायचंही नाही. मला तुझी अडचण वेगळीच दिसते. शाळेत काय आणि सहलीच्या यादीत काय, तू सगळं एकदम उरकायला बघतेस. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शाळेचं बघू.

'मुलांना वाचता येत नाही' हे फार मोघम झालं. त्यावर काही करता येत नाही. एकेका मुलाला टेबलापाशी बोलाव आणि एक मिनिट वाचायला लाव. आधी सुटी अक्षरं, मग काना-मात्रा-वेलांटीचे शब्द, मग जोडाक्षरं, शेवटी दुसरीच्या पुस्तकातला चार ओळींचा उतारा. मूल जिथं अडलं तिथंच थांब आणि नावापुढं तेवढी खूण कर. रोज परिपाठानंतर आठ मुलं घेतलीस तर तुझ्या ३८ जणांचं पाच दिवसांत होतं. मग कळेल की निम्मी मुलं एकाच ठिकाणी अडलेली नाहीत. पाच-सहा जण अक्षरांतच असतील, त्यांना रोज वेगळी वीस मिनिटं लागतील. बाकीचे बहुतेक जोडाक्षरांत अडकलेले निघतील, आणि ते वर्गातच सुटतात.

जोडाक्षरांत सगळ्यात जास्त घोळ 'र'चा होतो. सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या या चार शब्दांत र चार तऱ्हांनी लिहिला जातो. मोठ्यांच्या ते लक्षातही येत नाही, पण मुलाला ती चार वेगळी चिन्हं वाटतात. एक अख्खा आठवडा फक्त र घे. रोज एकाच रूपाचे दहा शब्द फळ्यावर लिही, मुलांनी ते शब्द धड्यात शोधून पेन्सिलीनं गोल करायचे, आणि पाचव्या दिवशी चारही रूपं मिसळून श्रुतलेखन. ऱ्हस्व वेलांटीला दुसरा आठवडा दे. ती अक्षराच्या आधी काढली जाते पण उच्चार अक्षरानंतर होतो, म्हणून बोट ठेवून वाचणारं मूल तिथं हमखास अडखळतं. अशा मुलाला अक्षरावर बोट ठेवायला न सांगता अख्ख्या शब्दाखालून बोट फिरवायला सांग.

आता आपल्या भागाचं खास दुखणं. तुझी मुलं एकाच दिवशी दोन लिप्या लिहितात. कन्नडचा रफार, तो अर्कावत्तु, अक्षराच्या पुढं उजवीकडं येतो आणि आपला डोक्यावर बसतो. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लागतं, आपलं बहुतेक वेळा शेजारी चिकटतं. मराठीच्या वहीत 'धर्म'चा रफार भलत्याच अक्षरावर पडला तर ते मूल मठ्ठ आहे असं समजू नकोस. सकाळच्या तासाचा नियम ते दुपारच्या तासाला लावतंय. कन्नडमध्ये ए आणि ओ हे ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. मराठीत तो भेद नाही, म्हणून कन्नडच्या शुद्धलेखनात आपली मुलं नेमके तिथं मार्क घालवतात. कन्नडच्या बाईंशी बोलून दोघींनी र एकाच आठवड्यात घ्या. फळ्याचे दोन भाग करा आणि सूर्य, धर्म, वर्ष असे दोन्हीकडं चालणारे शब्द शेजारी शेजारी लिहा. मुलांना फरक डोळ्यांनी दिसला की निम्मं काम झालं.

वह्यांचं ओझं घरी आणू नकोस. ३८ वह्या, एकीला तीन मिनिटं, म्हणजे जवळजवळ दोन तास, आणि रात्री दहाला केलेली लाल खूण सकाळी कुणी बघत नाही. रोज आठ वह्या वर्गातच, मूल शेजारी उभं असताना तपास. एका वहीत एकाच तऱ्हेची चूक धर आणि ती तिथल्या तिथं दुरुस्त करून घे. बाकीच्यांचं शुद्धलेखन फळ्यावरून मुलांनाच तपासू दे.

जुलैत पावसाच्या सुट्ट्या पडल्या, लावणीच्या दिवसांत मुलं शेतात गेली, म्हणून भाग मागं राहिला, याचा दोष तू स्वतःकडं घेऊ नकोस. खानापूरच्या पट्ट्यात हे दर पावसाळ्यात व्हायचंच. राहिलेल्या भागाची यादी कर आणि ज्याच्यावर पुढचं उभं आहे ते आधी घे. हातच्याची वजाबाकी कच्ची असेल तर भागाकार कधीच पक्का होत नाही. परिसर अभ्यासातला एखादा पाठ मुलं घरी वाचून आली तरी चालतं.

सॅट्समध्ये, म्हणजे खात्याच्या विद्यार्थी-नोंदीच्या साईटवर, माहिती भरायला आठवड्यातला एक वार ठरव, आणि नावांच्या स्पेलिंगकडं डोळ्यात तेल घालून बघ. आपल्याकडं ज्ञानेश्वर लिहिताना डी-एन-वाय येतं, कन्नड वळणानं लिहिणारा जे-एन लिहितो. आधारवर एक, दाखल्यावर दुसरं आणि सॅट्सवर तिसरं असं झालं की त्याचा त्रास थेट दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरताना होतो, आणि तेव्हा पालकांना कोर्टाच्या आणि ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. चौथीतच तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडून बघितलंस तर त्या घरावर तुझे मोठे उपकार होतील. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते तुझ्या हातून वर्षभरात होणाऱ्या सगळ्यात मोलाच्या कामांपैकी एक आहे.

साहेब व्हिजिटला आले आणि कन्नडमध्ये बोलले की तुझी तारांबळ उडते म्हणालीस. वाचनाच्या खुणांचा तो तक्ता टेबलावर ठेव. ऑगस्टमध्ये मूल कुठं होतं आणि आज कुठं आहे, हे आकड्यांत दाखवायला फार भाषा लागत नाही. मात्र खात्याची सगळी सर्क्युलरं कन्नडमध्ये येतात, तेव्हा रोज एक सर्क्युलर मोठ्यानं वाचायची सवय लाव. दुसऱ्याला अर्थ विचारत बसलीस तर नेमकी शेवटची तारीख सुटते.

आता जपानचं.

पहिलं काम परवानगीचं. तू सरकारी नोकर आहेस, तेव्हा सुट्टीत जायचं असलं तरी परदेशी जायला खात्याची लेखी परवानगी लागते. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला जातो आणि पुढं वरच्या ऑफिसला. अर्जात देश, जायची-यायची तारीख, सहलीचं कारण आणि खर्च स्वतःच्या पैशानं करणार हे स्पष्ट लिही. फाईल हलायला वेळ लागतो, म्हणून हे आधी आणि बाकी सगळं नंतर. व्हिसाच्या कागदांतही नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र लागतं, म्हणजे एकाच पत्रानं दोन कामं होतात.

तारखा ठरवताना सुट्टीचा पहिला दिवस धरू नकोस. २०२५ च्या दसऱ्यात शिक्षकांना सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षणाला लावलं आणि अनेकांची सुट्टी त्यातच गेली. असलं काम कधी येईल सांगता येत नाही. म्हणून एसए-१चे पेपर तपासून मार्क भरून झाल्यावर आणखी तीन दिवस मोकळे सोड आणि मग निघ. परत आल्यावरही शाळा उघडायच्या आधी दोन दिवस हवेत. तारीख बदलता येईल असंच तिकीट घे, चार पैसे जास्त पडले तरी. जपानमध्ये ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी सुट्टी असते. तो शनिवार ते सोमवार टाळ, हॉटेलं महागतात आणि सगळीकडं रेटारेटी असते. हवा चांगली असते, बेळगावच्या डिसेंबरसारखी, पण वादळाचा मोसम पुरता संपलेला नसतो. एक दिवस पावसात जाईल असं धरूनच बेत कर.

व्हिसाचं काम बेंगळुरूच्या व्हीएफएस या अर्ज घेणाऱ्या केंद्रातून होतं. भारतात राहणाऱ्यांना एप्रिल २०२४ पासून पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. पासपोर्टवर चिकटवलेला कागद नसतो, फोनवर व्हिसा उघडून दाखवायचा असतो. इथं बरेच जण फसतात. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही, इंटरनेट चालू ठेवून तिथल्या तिथं पान उघडावं लागतं. म्हणजे विमानतळावर फोन चार्ज आणि नेट सुरू, हे दोन्ही हवंच. बँकेचं स्टेटमेंट, आयटी रिटर्न, दिवसावार बेत, हॉटेलचं बुकिंग आणि ते रजेचं पत्र असा संच तयार ठेव. पासपोर्टवर तुझं नाव जसं आहे तसंच्या तसं सगळ्या कागदांवर हवं, मधलं नाव कुठं आहे आणि कुठं नाही असं नको. मुलांच्या नावांबद्दल जे लिहिलं तेच इथंही.

बेंगळुरूहून टोकियोच्या नारिता विमानतळाला थेट विमान आहे. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं आदल्या रात्री निघ. सांबऱ्याहून त्याच दिवशीचं विमान धरून पुढचं गाठायचं धाडस करू नकोस, धुक्या-पावसात एक उशीर झाला की सगळंच जातं.

तुझी यादी बाबांनी आणि मी मिळून वाचली. टोकियो, क्योतो, ओसाका, नागोयाजवळचं जिबली या कार्टूनपटांच्या स्टुडिओचं पार्क आणि 'स्लॅम डंक' कार्टूनमधलं कामाकुराचं ते रेल्वे फाटक, हे सगळं सहा रात्रींत बसवलंयस. एवढ्यात तू फक्त रेल्वेची स्टेशनं बघशील. टोकियोत पाच रात्री, क्योतोत एक, आणि बाकी सगळं खोड. फाटकापाशी तर जाऊच नकोस. फोटोसाठी रस्त्यात उतरणाऱ्या गर्दीनं तिथले रहिवासी हैराण झालेत, आणि आपण त्यात भर घालायचं कारण नाही.

मिताकाचं जिबली म्युझियम मात्र सोडू नकोस. तिथं दारावर तिकीट मिळत नाही. पुढच्या महिन्याची तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला जपानच्या सकाळी १० वाजता खुली होतात. आपल्या घड्याळात ते ६:३० होतात. म्हणजे ऑक्टोबरसाठी १० सप्टेंबरला पहाटे उठून बस, सव्वासहालाच साईट उघडून ठेव. मोठ्यांचं तिकीट १,००० येन, म्हणजे सहाशे रुपयांच्या आसपास. तिकिटावर बुकिंग करणाऱ्याचं नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेव. मंगळवारी बंद असतं. आत फोटो काढायला मनाई आहे, गच्चीवरच्या यंत्रमानवाजवळ काढता येतो. ते चांगलंच आहे, फोन पिशवीत राहिला तर नीट बघून होईल. सकाळची पहिली वेळ घे. किचिजोजी स्टेशनला उतरून इनोकाशिरा पार्कमधून चालत गेलीस तर पाऊण तास हाताशी ठेव.

नाकानो त्याच चुओ लाईनवर टोकियोकडं परत येताना लागतं, म्हणून ते त्याच दिवशी कर. नाकानो ब्रॉडवेतली बरीच दुकानं बारानंतर उघडतात, सकाळी गेलीस तर बंद शटरं बघून यावं लागेल. तिथं जुन्या फिगर्स, म्हणजे कार्टूनमधल्या पात्रांच्या बाहुल्या, मिळतात. खोक्यावरच्या चिठ्ठीत 'मिकाइफू' लिहिलं असेल तर खोकं उघडलेलं नाही असं समज. नसेल तर काय तुटलंय, काय गहाळ आहे ते त्याच चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, फोनच्या कॅमेऱ्यानं भाषांतर करून वाच. क्रेन मशिनवर जिंकायच्या फिगर्स अशा जुन्या मालाच्या दुकानांत बऱ्याचदा हजार-दोन हजार येनला मिळतात. मशिनमध्ये नाणी टाकत बसलीस तर त्याहून जास्त जातील आणि हाती काही लागेलच असं नाही.

दुसरा दिवस कावासाकीच्या फुजिको एफ. फुजिओ म्युझियमला दे, म्हणजे डोरेमॉनच्या निर्मात्याच्या. त्याचंही तिकीट आधी आणि ठरलेल्या वेळेचं घ्यावं लागतं, मंगळवारी तेही बंद. नोबोरितो स्टेशनवरून बस जाते. तुझी चौथी डोरेमॉन टीव्हीवर बघून वाढलेली आहे. त्याची मूळ हातानं काढलेली पानं, पांढऱ्या रंगानं झाकलेल्या दुरुस्त्यांसकट, तिथं भिंतीवर असतात. एवढ्या मोठ्या चित्रकारानंही खोडाखोड केली हे मुलांना तोंडानं सांगितलंस तरी पुरे, फोटो तिथंही काढू देत नाहीत.

अकिहाबारा आणि इकेबुकुरो हे कार्टूनच्या दुकानांचे दोन भाग एकाच दिवशी घेऊ नकोस. दोन्हीकडं मजल्यावर मजले असतात आणि पाय बोलायला लागतात. योत्सुयाचं सुगा देऊळ आणि 'युवर नेम' या कार्टूनपटामुळं प्रसिद्ध झालेल्या त्या पायऱ्या सकाळी लवकर बघून ये. ती राहती गल्ली आहे, आवाज करू नकोस.

क्योतोला मी सांगते म्हणून जा. तिथलं आंतरराष्ट्रीय मांगा (जपानी चित्रकथा) म्युझियम तात्सुइके नावाच्या जुन्या प्राथमिक शाळेच्या इमारतीत आहे. ही शाळा १८६९ ची. देशभराचा शिक्षणाचा कायदा १८७२ ला आला, त्याआधीच क्योतोच्या वस्त्यांनी वर्गणी काढून अशा ६४ शाळा उभ्या केल्या होत्या. पुढं शहराच्या मध्यातली मुलं कमी झाली आणि १९९५ ला ही शाळा बंद पडली. २००६ ला म्युझियम झालं. लाकडी जिने, वर्गखोल्या, पटांगण तसंच ठेवलंय, आणि भिंतींना लागून सुमारे ५०,००० पुस्तकं मांडलीत. कुठलंही काढा आणि हिरवळीवर बसून वाचा. आपल्याकडं पट घसरतोय, इंग्रजी शाळेची गाडी गावात येऊन मुलं उचलून नेते, याची तुला रात्रंदिवस काळजी असते. लोकांनी बांधलेली शाळा पुढं काय होऊ शकते ते तिथं दिसतं. शाळेच्या इतिहासाची एक खोली आहे, ती चुकवू नकोस. बहुतेक पुस्तकं जपानी आहेत, इतर भाषांतल्या अनुवादांचं वेगळं कपाट आहे. कुठल्या वारी बंद असतं ते निघण्याआधी बघून घे.

शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, क्योतोला एका वेळेला सुमारे १४,००० येन लागतात, सव्वादोन तास. जाऊन-येऊन २८,००० झाले. सात दिवसांचा जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वेचा पास, २०२३ लाच ५०,००० येनचा झाला, तेव्हा तो घेऊ नकोस, कुणी कितीही सांगितलं तरी. टोकियोत फिरायला वेलकम सुइका कार्ड घे, २८ दिवस चालतं. त्यात उरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणून थोडे थोडे भर.

रोख येन सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून काढ. १०० येनची नाणी वेगळी ठेव, गाचापोनला, म्हणजे नाणं टाकून खेळणं काढायच्या मशिनला, तीच लागतात. वर्गातल्या प्रत्येकाला एकेक गाचापोन आणायचा विचार मनातून काढ. चारशे येन धरले तरी ३८ मुलांचे १५,२०० होतात. ११० येनच्या दुकानातून ओरिगामीच्या कागदाची दोन-तीन पाकिटं आण, सगळ्यांना पुरून उरतील. आणि एक कोरी वही ने. मोठ्या स्टेशनांवर त्या त्या स्टेशनचा रबरी शिक्का ठेवलेला असतो, फुकट मारता येतो. मुलांच्या हातात द्यायला ती वही पुष्कळ झाली. याउपर सहलीत शाळेसाठी काही गोळा करू नकोस, आणि शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मुकाट बंद ठेव.

खाण्याचं सांगते. तू मासे खातेस, त्यामुळं सोबा-उदोन या शेवया, सामन माशाची ओनिगिरी (भाताचा मुटका) हे सगळं चालेल. पण करी-राईस बघून भुलू नकोस. त्याच्या मसाल्याच्या वड्यांत बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते, वरून भाजी दिसली तरी. रामेन या शेवयांच्या सूपचं पाणी बहुधा डुकराच्या हाडांचं. पिशवीत चिवडा आणि गोकाकचा करदंट ठेव, चालून थकल्यावर दोन तुकडे पुरतात. सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं नीट वाच. स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेल्या औषधांना तिकडं मनाई आहे, आपल्याकडं मेडिकलवाला सहज देतो ती गोळीसुद्धा त्यात येऊ शकते. प्लग दोन चपट्या पिनांचा लागतो, वीज १०० व्होल्टची. फोनचा चार्जर चालतो, तुझी केसांची मशीन घरीच ठेव. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. रस्त्यावर कचराकुंड्या जवळपास नसतात, एक पिशवी कायम जवळ ठेव.

पासपोर्टची मुदत बाबांनी बघून ठेवलीय, ठीक आहे. परवानगीच्या अर्जाचा मसुदा या पत्राबरोबर पाठवते. नाव-तारखा ताडून बघ, दोन प्रती काढ आणि सोमवारी पहिल्या तासाआधी मुख्याध्यापकांकडं दे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस.

तुझी,
आई